बारगीर की शिलेदार? घोडबंदरच्या किल्ल्यावरून उद्याच्या मोटारीकडे पाहताना

१/
उल्हास नदी ठाणे मागे टाकून वसईच्या समुद्राकडे निघते, तेव्हा तिच्या दक्षिण तीरावरच्या टेकडीवर घोडबंदरचा किल्ला लागतो. आज तो मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. नावाची फोड सोपी आहे : घोड्यांचे बंदर. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून आणलेले घोडे या खाडीत उतरवले जात, म्हणून हे नाव पडले असे परंपरा सांगते. ज्या शहरात आज संध्याकाळी काशीमिरा नाक्यावर मोटारींची रांग जागची हलत नाही, त्या शहराच्या एका ठळक जुन्या खुणेचे नावच परदेशातून आणलेल्या खासगी वाहनावरून पडलेले आहे.

२/
आजचा थ्रेड उद्याच्या मोटारीविषयी आहे. इतिहासाच्या पानावर भविष्य कशाला, असे कोणी विचारेल. वाहन बदलण्याचा हा प्रसंग आपल्यावर पहिल्यांदा येत नाही, म्हणून. घोडा, आगगाडी, ट्राम, पेट्रोलची मोटार असे अनेक पालट या खाडीकाठाने आणि शेजारच्या मुंबईने पाहिले. प्रत्येक वेळी चर्चा वाहनाच्या वेगाची झाली. खरा निकाल मात्र वेगळ्याच गोष्टींनी लावला : ते वाहन कोणाच्या मालकीचे, ते उभे कुठे राहणार आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार. हे माझे मत आहे. न पटल्यास खाली अवश्य वाद घाला.

३/
प्रथम ठाणे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवासवृत्तात 'ताना'च्या राज्याचे वर्णन केले आहे. हे ताना म्हणजे आपले ठाणे, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. तो सांगतो की इथल्या राजाला घोड्यांची इतकी टंचाई होती की त्याने चाच्यांशी करार केला होता. चाच्यांनी समुद्रात लुटालूट करावी, इतर माल त्यांनी ठेवावा, पण जहाजावर सापडलेले घोडे राजाला द्यावेत. आपल्या पंचक्रोशीतील वाहनधोरणाचा हा बहुधा सर्वांत जुना लिखित उल्लेख असावा, आणि तो चाचेगिरीचा आहे!

४/
पूर्व किनाऱ्यावरच्या 'माबार'बद्दल, म्हणजे तमिळ प्रदेशाबद्दल, तो जे लिहितो ते आजच्या विषयाला अधिक लागू पडते. तिथला राजा वर्षाला दोन हजारांहून अधिक घोडे विकत घेई आणि वर्ष सरताना त्यांतले शंभरही उरत नसत. खाणे चुकीचे, निगा चुकीची आणि देशात नालबंद नाहीत. घोडे विकणारे सौदागर आपल्याबरोबर नालबंद येऊ देत नसत, कारण घोडे जगले तर पुढच्या वर्षी विकायचे काय? पोलोचे आकडे फुगलेले असतात हे लक्षात ठेवूनच वाचावे. पण व्यवहाराची ही रीत ओळखीची वाटते. वस्तू विकायची आणि ती टिकवण्याची विद्या स्वतःकडे ठेवायची.

५/
आता स्वराज्याकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांना बारगीर आणि शिलेदार हे शब्द पाठ असतात, त्यांतला हिशेब मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी पागेतला घोडा वापरणारा. घोडा बारगिराच्या मालकीचा नसे. काम असे तेव्हा तो मिळे आणि त्याचा दाणावैरण, खरारा, औषधपाणी ही पागेची जबाबदारी असे.

६/
सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि या थ्रेडसाठी सर्वांत महत्त्वाचे : दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. माबारच्या राजाकडे हजारो घोडे होते आणि नालबंद नव्हता. इथे नालबंदाची नेमणूक घोड्यांच्या संख्येशी बांधलेली होती. गनिमी काव्याच्या कथा आपण आवडीने ऐकतो. त्या वेगामागे हे पंचविसाला एक असे साधे गणित होते.

७/
स्वराज्याच्या लष्करात शिलेदारही मोठ्या संख्येने होते, हे विसरू नये. पण शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीखाली ठेवले जाई. त्याचे कारण इतिहासकार असे देतात की ज्याचा घोडा स्वतःचा, त्याचा जीव घोड्यात अडकतो. लढाईत घोडा मेला तर शिलेदार बुडाला. बारगिराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळे. पुढे पेशवाईत शिलेदारी वाढत गेली आणि तिच्याबरोबर फौजेच्या शिस्तीच्या तक्रारीही वाढल्या. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.

८/
या भागात घोड्याचेही सगळे चालत नसे. साष्टी हे बेट. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, घोडबंदर घेतले; तरी वसई पडायला १७३९ चा मे महिना उजाडला. त्याआधी खाडीच्या मुखावरचा धारावीचा किल्ला, म्हणजे आजच्या उत्तनजवळच्या चौक गावचा, हाती यावा लागला. मुंबईतल्या धारावीशी याची गल्लत करू नका. नकाशावर पाहिले तर चिमाजी अप्पांच्या मोहिमेतला प्रश्न आजही तोच दिसतो. समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, पण तिथे पोहोचायचे कसे? घोडा खाडीच्या या काठावर थांबतो.

९/
खाडी ओलांडली ती आगगाडीने. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया' रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये गुजरातेतून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला. त्यासाठी भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना, लोखंडी पूल उभे राहिले. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली. भाईंदर तेव्हा मिठागरांचे आणि मच्छिमारांचे गाव. ज्या माणसाकडे घोडा कधीच नव्हता आणि होणारही नव्हता, तो तिकीट काढून घोड्यापेक्षा वेगाने जाऊ लागला. माझ्या दृष्टीने वाहतुकीच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी बारगिरी होय.

१०/
आज विजेच्या मोटारीची जाहिरात पाहताना वाटते की वीज ही भविष्यातून आलेली पाहुणी आहे. भाईंदरला विजेची गाडी १९३६ मध्ये आली, बोरिवली ते विरार या रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा. मुंबई शहरात विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली होती. त्याच्याही आधी, १९०० मध्ये, अमेरिकेत बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. म्हणजे पेट्रोल तिसऱ्या क्रमांकावर होते. पुढे ते पहिले कसे झाले, ही तेलाची, रस्त्यांची, बॅटरीच्या मर्यादांची आणि कारखानदारीची गोष्ट आहे.

११/
ट्रामचे काय झाले? ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली. तिच्या मागे धूर नव्हता आणि तिला उभे राहायला गल्ली लागत नव्हती. पण ती संथ होती, जुनी झाली होती आणि रस्त्याच्या मध्यभागी रूळ अडवून बसली होती. रस्ता मोटारीला मोकळा हवा होता. तंत्र मागे पडले म्हणून ट्राम गेली, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. जगातल्या कित्येक शहरांनी त्याच काळात ट्राम सुधारून ठेवली. रस्ता कोणाला द्यायचा हा निर्णय माणसे घेतात, आणि तो आपल्याकडे त्या वर्षी घेतला गेला.

१२/
इथे एका लोकप्रिय कथेचा समाचार घेतो, कारण ती इतिहासप्रेमींच्या समूहांतूनच फिरत असते. १८९४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने म्हणे भाकीत केले की पन्नास वर्षांत शहर नऊ फूट घोड्याच्या लिदीखाली गाडले जाईल. मग मोटार आली आणि प्रश्न आपोआप सुटला. असा लेख 'टाइम्स'च्या जुन्या अंकांत सापडत नाही. लिदीचा त्रास खरा होता, भाकीत मात्र दंतकथा आहे. ती फिरते याचे कारण तिच्यातला दिलासा : काळजी करू नका, नवे यंत्र येईल आणि सगळे निस्तरेल. मोटारीने लीद नेली हे खरे. जाताना तिने मुलांची खेळायची जागा, हातगाडीवाल्याची कड आणि चालणाऱ्याचा निम्मा रस्ताही नेला. तो हिशेब या कथेत येत नाही.

१३/
मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्यांच्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. माहीमचा बांध १८४५ मध्येच झाला होता, अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून. तिथून साष्टीत शिरले की उत्तरेकडे जाणारा रस्ता म्हणजे घोडबंदर रोड. आज ज्याला आपण एस. व्ही. रोड म्हणतो, तो हाच. वांद्रे, अंधेरी, बोरिवली ही सगळी तेव्हा घोडबंदरच्या वाटेवरची ठिकाणे. आता उलटे झाले आहे. नाव काशीमिऱ्यापासून ठाण्याकडे जाणाऱ्या फाट्यापुरते उरले आणि घोडबंदर हे कुठे जायचे ठिकाण आहे हेच लोक विसरले.

१४/
स्वतःच्या वाहनाची हौस महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे, कारण ती वाहने बनलीच इथे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि १९७४ पासून पद्मिनी बाहेर पडली. १९७२ मध्ये पुण्याने दोन वाहने दिली : फिरोदियांची लुना आणि बजाजची चेतक. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, लग्नाच्या बोलणीत स्कूटरच्या बुकिंगची पावती मोलाची ठरे. आणि नाव कोणाचे? राणा प्रतापांच्या घोड्याचे. गिऱ्हाइकाला आपण शिलेदार होत आहोत ही भावना विकली जात होती.

१५/
याच स्कूटरच्या पिढीतले असंख्य लोक मुंबईत घर परवडेना म्हणून मीरा रोड आणि भाईंदरला आले. १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. शहर वाढले ते लोकलच्या भरवशावर. इमारती बांधताना बांधणाऱ्याने गृहीत धरले की इथला माणूस सकाळी स्टेशन गाठणार. खाली चार स्कूटरी उभ्या राहतील एवढी जागा सोडली की झाले. तो माणूस एके दिवशी मोटार घेईल हे कोणाच्या नकाशात नव्हते.

१६/
त्याने मोटार का घेतली, हे सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. सकाळच्या विरार लोकलमध्ये भाईंदरला चढून पाहा, म्हणजे मोटारमालकाला नावे ठेवण्याची इच्छा उरणार नाही. रात्री उशिरा कामावरून परतणारी मुलगी, डायलिसिसला न्यायचे वडील, दोन लहान मुले आणि पावसाळा. ही मोटार चैनीची नाही. दाराशी वाहन असणे म्हणजे कोणापुढे हात न पसरणे, ही प्रतिष्ठा शिलेदाराला कळत होती आणि आपल्यालाही कळते. पर्यावरणावर बोलणारे पुष्कळ लोक हे विसरतात आणि मग त्यांचे कोणी ऐकत नाही.

१७/
पण शिलेदार आपला घोडा स्वतःच्या अंगणात बांधत असे. आपण तो सरकारी रस्त्यावर बांधतो.
साधा हिशेब करू. मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. अशा दोन जागा एकत्र केल्या तर २७० चौरस फूट होतात, आणि तेवढ्या खोली-स्वयंपाकघरात भाईंदरमध्ये चार-पाच माणसांचे कुटुंब राहते. त्या खोलीसाठी कुटुंब वीस वर्षे हप्ते भरते. खाली रस्त्याकडेची मोटार तेवढीच जागा फुकट घेते. जाण्यायेण्यात रोज दोन तास खर्ची पडले, तर उरलेले बावीस तास ती नुसती उभी असते.

१८/
आता विजेच्या मोटारीचा प्रश्न घ्या. धूर जाईल, आवाज कमी होईल, आणि हे काही थोडे नाही. वर्दळीच्या रस्त्याकडेच्या खोलीत राहणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक आहे. पण विजेच्या मोटारीलाही १३५ चौरस फूटच लागतात. काशीमिऱ्याच्या रांगेत ती पेट्रोलच्या मोटारीइतकीच लांब असते. उलट नवी विषमता येते. ज्याच्या इमारतीला हक्काचे पार्किंग आहे तो रात्री घरच्या विजेवर गाडी भारित करील; जुन्या चाळवजा इमारतीतल्याने वायर कुठून सोडायची? म्हणून विजेचा खरा लाभ इथे दुचाकीला, रिक्षाला आणि बसला होईल असे मला वाटते. तिथे जागाही कमी लागते आणि एका बॅटरीमागे माणसे जास्त वाहून नेली जातात.

१९/
जागेच्या प्रश्नावर जपानने १९६२ मध्ये कायदा केला. मोटार घ्यायची तर ती उभी करायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला आधी दाखवायचा. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही असा नियम आणण्याचा विचार बोलून दाखवला, आणि अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. मी नियमाच्या बाजूने आहे, एका अटीवर. बस आणि मेट्रो आधी, दाखला नंतर. क्रम उलटा केला तर ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत राहणाऱ्याला मोटार नाकारली जाईल आणि तीन मजली पार्किंगवाल्या नव्या टॉवरमधल्याला दुसरी आणि तिसरी मिळेल. त्याला सुधारणा म्हणता येणार नाही, ती नव्या तऱ्हेची सरदारकी होईल. मीरा-भाईंदरला आता 'एमएच ५८' हा स्वतःचा नोंदणी क्रमांक मिळाला आहे. स्वतःची पाटी आली, तर स्वतःचे धोरणही असावे.

२०/
चालकाविना चालणाऱ्या मोटारीचे कौतुक तरुण वाचकांना अधिक असते. खरे तर आपल्या आज्या-पणज्यांना ती नवलाची वाटली नसती. बाजार करून परतताना गाडीवान झोपी जाई आणि बैल गाडी बरोबर दारात आणून उभी करीत. असो. अमेरिकेत फिनिक्स शहरात २०२० पासून 'वेमो'च्या चालकरहित टॅक्सीत सामान्य माणूस बसू शकतो. आपल्याकडे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही. भूमिका माणुसकीची आहे. ती किती काळ टिकेल याबद्दल मला शंका आहे. व्हिक्टोरियाही टिकल्या नाहीत.

२१/
व्हिक्टोरियांचे पाहा. मुंबईच्या या घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि २०२१ मध्ये त्याच घाटाच्या, बिनघोड्याच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. घोड्याची सुटका झाली, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या घोडा सांभाळला, त्यांची विद्या एका निकालाने निरुपयोगी झाली. वाहन बदलते तेव्हा मोतद्दार आणि नालबंद आधी बाहेर फेकले जातात. चालकरहित मोटारीच्या वेळी ती पाळी रिक्षावाल्याची आणि टॅक्सीवाल्याची असेल.

२२/
तसा तो आजही विचित्र कोंडीत आहे. ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्याकडे बारगीर-शिलेदाराच्या चष्म्यातून पाहा. गाडी त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या डोक्यावर, टायर फुटला तर खर्च त्याचा. म्हणजे तो शिलेदार. पण कुठे जायचे, किती भाड्यात, कोणाला घेऊन, हे सगळे हुकूम दुसऱ्याचे. म्हणजे तो बारगीर. दोन्हीकडचा भार त्याच्याकडे आला आणि दोन्हीकडचा लाभ गेला. सतराव्या शतकातल्या कोणत्याही शहाण्या जुमलेदाराने अशी चाकरी अन्यायाची ठरवली असती.

२३/
म्हणून 'मोटार विकत घेऊ नका, लागेल तेव्हा मागवा' हे भविष्य मला तत्त्वतः मान्य असले, तरी माझा प्रश्न पागा कोणाची हा आहे. पागा दूरदेशीच्या कंपनीची असेल, गाडीचे डोके तिच्या संगणकात असेल आणि नालबंद ती येऊ देणार नसेल, तर आपण स्वराज्याच्या पागेत नसून माबारच्या राजवाड्यात आहोत. हे कल्पनारंजन नव्हे. २०२० मध्ये चेतक विजेवर पुन्हा अवतरली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरींना लागणाऱ्या दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चुंबकांअभावी चेतकच्या उत्पादनाला फटका बसला. सातशे वर्षांनंतर पुन्हा घोडा तयार आणि नाल सौदागराकडे.

२४/
मग या शहराची पागा कशी असावी? ती निम्मी इथेच आहे, आपले तिकडे लक्ष नसते एवढेच. स्टेशनाबाहेरची शेअर रिक्षा. तीन-चार अनोळखी माणसे, ठरलेली वाट, ठरलेले भाडे, हवे तिथे उतरण्याची मुभा. जगातल्या मोठ्या कंपन्या 'सामायिक प्रवास' म्हणून ज्याचे प्रयोग करतात, ते आपल्याकडे संगणकाविना कित्येक वर्षे चालू आहे. ती विजेवर आणावी, तिच्या थांब्यावर छप्पर आणि दिवा असावा, रात्री अकरानंतरही ती मिळेल याची हमी असावी, आणि बॅटरी बदलण्याची व दुरुस्तीची कार्यशाळा शहरात असावी, जिथे आजचा रिक्षाचा मेकॅनिक उद्याचा नालबंद होऊ शकेल. महानगरपालिकेच्या बसला हीच गोष्ट लागू. पंचविसाला एक नालबंद हे प्रमाण आजही वाईट नाही.

२५/
रस्ते मात्र वेगळ्या दिशेने बोलतात. दहिसर ते भाईंदर मेट्रो ९ च्या मार्गावर मे २०२५ मध्ये काशीगावपर्यंत चाचणीच्या गाड्या धावल्या. त्याच मार्गावर काही ठिकाणी एकाच खांबावर खाली मोटारींचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे. बारगीर वर, शिलेदार खाली. शहराला अजून ठरवता आलेले नाही, ते असे काँक्रीटमध्ये दिसते. ठाणे-बोरिवली जुळे बोगदे खोदले जाणार आहेत, किनारी रस्ता वर्सोव्याहून भाईंदरकडे येणार आहे. पूल-बोगद्यांना माझा सरसकट विरोध नाही. २०१३ च्या अखेरीस खाडीवरच्या जुन्या वरसावे पुलाला तडा गेला तेव्हा काय हाल झाले ते या भागाने भोगले आहे. २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो उगीच नाही. पण सुमारे ७९ चौरस किलोमीटरच्या या शहरात एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये मिठागरे आणि कांदळवने. इथे येणारा प्रत्येक मोठा रस्ता मोटारी आणून सोडणार. त्यांना बांधायला नवे अंगण कोणता बोगदा देणार आहे?

२६/
मला आशा वाटते ती वेगळ्याच ठिकाणी, भाईंदरच्या जेट्टीवर. २० फेब्रुवारी २०२४ पासून इथून वसईला रो-रो बोट जाते. रस्त्याने वळसा घालून चाळीस किलोमीटरच्या आसपास होणारे अंतर पाण्यातून साडेतीन किलोमीटरच्या जवळपास आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेला जे पाणी आडवे आले, ते आज पंधरा-वीस मिनिटांत पार होते. बोटीवर मोटार घालता येते, हे सगळे आवर्जून सांगतात. मी तिथे पाहतो ते असे की सायकलवाला, दुचाकीवाला आणि टोपली घेतलेली बाई त्याच बोटीवर त्याच वेळी पोहोचतात, आणि मोटारवाला इंजिन बंद करून खाली उतरलेला असतो. डाव्या हाताला खाडीचे मुख, तिथे कुठेतरी धारावीचा बुरूज. समोर वसईचा तट.
जेट्टीपर्यंत चालत किंवा सायकलने सुखाने येता येईल असा रस्ता झाला, तर माझ्या मते तो एका उड्डाणपुलापेक्षा अधिक लोकांच्या कामी येईल.

२७/
वाटेत, रेल्वेपुलांच्या मधोमध, पाणजू बेट आहे. आगगाड्या दीडशेहून अधिक वर्षे त्याच्या अंगावरून धडधडत जातात, तरी तिथे जायला आजही रस्त्याचा पूल नाही, होडी लागते. तिथल्या माणसांना पूल हवा असेल तर तो मिळाला पाहिजे. शांततेचे कौतुक करणे लोकलच्या खिडकीतून सोपे असते. फक्त तो पूल आखताना पहिला प्रश्न मोटारीचा विचारला जातो की माणसाचा, याकडे माझे लक्ष राहील.

२८/
शेवटी एक विनंती. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, चेणे, काजूपाडा, घोडबंदर या गावांतल्या कोणाच्या घरी बैलगाडीचे, टांग्याचे, मिठाच्या होड्यांचे किंवा पहिल्या एस. टी.चे छायाचित्र असेल तर खाली टाका. सोबत साल आणि जागा लिहा. आजोबांकडे विचारून पाहा की भाईंदर स्टेशनापर्यंत ते कसे येत आणि किती वेळ लागे. पुढचा थ्रेड त्या उत्तरांवर करण्याचा विचार आहे. आणि या गावांतल्या कोणाच्या घराण्याचे आडनाव किंवा काम नालबंदीचे असेल, तर त्यांनी आधी लिहावे.